लांबडी कापून पाहावी

मी, गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत आई आणि दादासोबत राहणारी, यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर, पंपांच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला असलेली, वय चोवीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कोणताही आजार नाही. हे लिही, ते लिहू नको, असे सांगायला माझ्यामागे कोणी उभे नाही. आई स्वयंपाकघरात आहे. दादा खाली ग्राइंडर चालवतो आहे, त्याची थरथर फरशीतून माझ्या तळपायांना लागते आहे.

या वयात मृत्युपत्र कशाला, असे वकीलबाईंनीही विचारले. उद्या सकाळी मी माझी मोटरसायकल घेऊन घाट उतरणार आहे आणि ती मला पायथ्यापर्यंत नेईल याची मला खात्री नाही. कारण एवढेच आहे.

कलम १. बँकेतली माझी सगळी शिल्लक आईला मिळावी. तिने आधी डोळ्यांचे ऑपरेशन करून घ्यावे आणि मगच दुसऱ्या कुणाची गरज बघावी. ती ऐकणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेवते, म्हणजे कोणीतरी तिला हा कागद दाखवून भांडू शकेल.

कलम २. माझे पदवीचे प्रमाणपत्र, चौकटीसह, आत्याला द्यावे. "एवढं शिकून शेवटी ऑइलमध्येच हात घालणार ना?" असे ती माझ्या निकालाच्या दिवशी पेढ्याचा तुकडा तोंडात असताना म्हणाली होती. आमच्या घरातले हे पहिलेच प्रमाणपत्र आहे. तिने ते बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना दिसेल असे लावावे आणि काच पुसत जावी.

कलम ३. बाबांची हत्यारे त्यांच्या पश्चात दादा आणि मी अशी दोघांत वाटली गेली. माझ्या वाट्याची सगळी दादाला मिळावीत. गॅरेजमधला माझा हिस्साही त्यालाच मिळावा. माझ्या शिक्षणासाठी त्याने स्वतःची शाळा सोडली. तो हे कधी बोलून दाखवत नाही, म्हणून मीच इथे लिहिते. वाटा मिळणाऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचा वाटा धोक्यात येतो, असे वकीलबाईंनी बजावले आहे. त्यामुळे दादाने या कागदावर सही करू नये.

बाबांचा वेल्डिंगचा मुखवटा मात्र कुणी वापरू नये. तो गॅरेजच्या दारावर, आत येणाऱ्याकडे तोंड करून टांगावा. बाबांचे वेल्डिंग दिसायला ओबडधोबड असे. जोडावर लोखंडाचा जाड वळ उठायचा. गिऱ्हाइकाने नाक मुरडले की ते म्हणत, "जोडलंय ना? मग जोडलेलं दिसू दे. लाज कसली?" दादाला त्याची लाज वाटायची.

कलम ४. मोटरसायकल.

हिचे वर्णन नीट करते, म्हणजे ओळखण्यात चूक होणार नाही. ती काळी आहे. सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी बनवतात तशा बांध्याची, म्हणजे लांब, बुटकी आणि पुढे झेपावलेली. सीट गुडघ्याइतकी खाली, फूटरेस्ट पार पुढे, हँडल काठीसारखे सपाट, मागचा मडगार्ड अर्ध्यावर कापलेला आणि मागचा टायर भलता रुंद. आईने तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती म्हणाली, "गाडी कसली ही, लांबडं आहे." आई सापाला लांबडं म्हणते. तेव्हापासून तिचे नाव लांबडी. मी ती जुनी आणि साधी घेतली होती. आजचे रूप दादाने दिले.

सरळ रस्त्यावर तिच्यासारखी गाडी नाही. हात सोडले तरी ती ओळ सोडत नाही. वळण मात्र तिला नको असते. रुंद टायर कलायला तयार नसतो, जरा कलली की फूटरेस्ट डांबराला घासून ठिणग्या उडतात, आणि आमच्या गल्लीत तिला वळवायला दोनदा मागेपुढे करावे लागते. एवढे चालते. अशा गाड्यांचा तो स्वभावच असतो.

काळजी वेगळी आहे. मागचे चाक पोलादाच्या ज्या दोन लांब हातांमध्ये धरलेले असते, त्या जोडीला स्विंगआर्म म्हणतात. लांबडी लांब दिसावी म्हणून दादाने तो मधोमध कापला, मध्ये वीतभर तुकडा घातला आणि वेल्डिंग केले. मग त्याने वेल्डिंगचा उठलेला वळ ग्राइंडरने घासून सपाट केला, वरून पुट्टी भरली आणि रंग दिला. जोड कुठे आहे हे बोट फिरवूनही कळत नाही. आमच्या गॅरेजचे नाव झाले ते त्यामुळेच. बघणारा विचारतो, "ही कंपनीतूनच अशी आली का?" आणि दादा नुसता हसतो. पण जोडाची ताकद त्या वळात असते. तो घासून काढला की उरते ती वरवरची पकड. अशा गाड्या दादाने पाच केल्या. लांबडी त्यातली पहिली.

दुसरी लग्नांचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरची होती. तो उन्हाळ्यात घाटातल्या डाव्या वळणावर गेला. पोलिसांनी वेग जास्त होता असे लिहिले. गॅरेजसमोर टेम्पोतून त्याची गाडी उतरवली तेव्हा मी तिथे होते. स्विंगआर्म तुटला होता, पट्टीने आखावा तसा सरळ. तुटलेली जागा तपासायला दुसऱ्या दिवशी कारखान्यातून चांगले भिंग आणले, तोवर गाडी भंगारात विकलीही गेली होती.

गेल्या महिन्यात लांबडीचे मागचे चाकही डाव्या वळणात क्षणभर उशिरा येऊ लागले. मागे कोणीतरी बसले आहे आणि ते माझ्यासोबत वळायला तयार नाही, असे वाटते. मी तिला तेव्हापासून बाहेर काढलेली नाही.

परवा जेवताना दादाने सांगितले, की शहरातला एक व्यापारी अशा तीस गाड्या करून मागतो आहे. रविवारी तो घाटाच्या पायथ्याशी उभा राहून लांबडीला वळणांतून उतरताना बघणार आहे. बाकीच्या तीन गाड्यांच्या मालकांनाही गाड्या घेऊन बोलावले आहे.

मी म्हणाले, "दादा, आधी स्विंगआर्म कापून बघू. एकदाच."

"गिऱ्हाईक दारात आलंय आणि मी गाडी कापू? डोकं फिरलंय का तुझं?"

"फोटोग्राफरचा तुटलाच ना?"

"पडल्यावर तुटला."

"तुटल्यावर पडला."

"तू बघितलंस?"

"तू बघितलंस?"

आई म्हणाली, "मेलेल्या माणसाला ताटावर आणू नका. जेवा."

दादाने ताट सरकवले. "हे बघ, तुझं वेल्डिंग कागदावरचं, माझं लोखंडावरचं. तू बसणार नसशील तर मी बसतो. खाली येऊन दाखवतो."

दादा माझ्या दीडपट वजनाचा आहे आणि वळणात वेग कमी करणे त्याला कमीपणाचे वाटते. तो बसला तर काय होईल हे मला डोळे मिटले तरी दिसते. म्हणून मी म्हणाले, "मी उतरवते. हळू उतरवीन. पण पोचले की तिथेच, त्या व्यापाऱ्यासमोर आणि तिघांसमोर, तू स्वतः स्विंगआर्म कापायचा."

"आणि आतून ठणठणीत निघाला तर?"

"तर जन्मात तुझ्या कामाला नावं ठेवणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

तो हसला. "बाबांसारखीच आहेस. हट्टी आणि ओबडधोबड."

गाडी माझ्या नावावर आहे, मग मी स्वतःच का कापत नाही, असे वकीलबाईंनी विचारले. मी चोरून कापली तर दादा म्हणेल की मी बिघडवली, आणि ते तिघे त्याचेच ऐकतील. ते तिघे मागे कुणाला ना कुणाला बसवून फिरतात. एकाची मुलगी टाकीवर बसते. जोड दादाच्या हाताने आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उघडला पाहिजे. खरे सांगितले की लोक ऐकतात, असे मला कॉलेजात वाटायचे. आता वाटते, की त्यांना दाखवावे लागते. पण दाखवले की ऐकतात यावर माझा अजून विश्वास आहे.

म्हणून: मी खाली पोचले नाही, तर लांबडी विकू नये, दुरुस्त करू नये, भंगारात तर मुळीच देऊ नये. ती माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला मिळावी. तिथे तिचा स्विंगआर्म दोन्ही जोडांवर कापून पाहावा आणि जे दिसेल ते लिहावे. माझी भीती खोटी ठरली तर तेही लिहावे.

कलम ५. त्या अहवालाची पहिली प्रत फोटोग्राफरच्या बायकोला द्यावी. ती मला बाजारात भेटली तेव्हा तिने एकच विचारले होते, "ताई, यांचीच चूक होती का हो?" तिला त्याचे उत्तर या अहवालातून मिळावे. बाकीच्या तीन प्रती तिघा मालकांना. व्यापाऱ्याला प्रत द्यायची गरज नाही. त्याच्या तीस गाड्या झाल्या नाहीत म्हणजे त्याला कळेलच.

कलम ६. काहीही झाले तरी दादाला कोणी खुनी म्हणू नये, आत्याने तर नाहीच. त्याने घाण काम केलेले नाही. त्याने फार सुंदर काम केले आहे आणि त्यालाच ते खरे वाटते.

हे सर्व मी समजून लिहिले आहे. खालचा ग्राइंडर थांबला आहे. इस्त्रीवाले काका सहीसाठी वर येत आहेत.

लिहिणारीची सही: (सही केली)

साक्षीदार पहिला: गल्लीच्या तोंडावरचे इस्त्रीवाले. पोरीने माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार दुसरा: (ही जागा शेजारच्या शिक्षिकेसाठी ठेवली आहे. त्या संध्याकाळी येतील.)

"शिक्षिका कशाला? मीच करतो. सगळं वाचलं. आता मला काही मिळत नाही ना? बरं झालं. तीस गाड्यांसाठी तू उतरणार, आणि मी खाली उभा राहून बघणार होय? उद्याची गरज नाही. आजच जाऊन येतो. आलो की तू म्हणशील तिथे कापतो. शब्द म्हणजे शब्द. — दादा"

ठिकाण: गॅरेजच्या वरची खोली. शनिवार, दुपार.

पुरवणी. वरचा दादाचा मजकूर माझ्यासमोर लिहिलेला नाही. मी काकांना जिन्यापर्यंत सोडायला गेले होते आणि परतताना आईने मला स्वयंपाकघरात बोलण्यात धरले. परत आले तेव्हा टेबलावर कागद उघडा होता आणि खुंटीवर किल्ली नव्हती. मी खिडकीशी धावले. गाडीचा आवाज मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू आला, एकसारखा, सरळ. पुढे घाट सुरू होतो. काकांच्या स्कूटरवरून मी त्याच्या मागे निघाले आहे. हे उभ्यानेच लिहिते आहे.

दादाची सही मी मानत नाही. कलम तीन आहे तसेच राहील, सगळे त्यालाच.

कलम चारमध्ये एवढाच बदल: लांबडी मी आणली किंवा दुसऱ्या कुणी, धड आणली किंवा तुकड्यांत, ती आजच कापावी.