कोरडा शिधा

माय, तुझ्या पत्र्याच्या घराच्या जागेवर मी घर बांधलं. परवा गृहप्रवेश झाला. पाहुणे पांगले, भाऊ भाड्यानं आणलेली भांडी परत करायला गेलाय आणि मी नव्या ओट्याशी खुर्ची ओढून तुला लिहायला बसले आहे. तुला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. एवढ्या वर्षांत तुला काही सांगावं असं पुष्कळ घडलं, पण परवाचं तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, कारण ते खरं म्हणजे तुझं आणि मावशीचं होतं. तीच गं, खालच्या अंगाला धनगरांची घरं आहेत त्यातली, तुझी मिरची तोडायची जोडीदारीण. अजून आहे ती. ऐंशीच्या पुढं गेली, कंबरेत वाकली, पण तोंड तसंच चालू आहे.

तुम्ही दोघी पिंपळगावच्या शिवारात मिरचीच्या रोजानं जायच्या आणि सुट्टी असली की मी मागं मागं. दुपारपर्यंत तुमच्या हातांची आग आग व्हायची. मावशी घरून ताक आणायची. ती तुझ्या हातावर ताक ओतायची, तू तिच्या, आणि दोघी एकमेकींचे तळवे चोळत नवऱ्यांच्या नावानं हसायच्या. मग बांधावर लिंबाखाली फडकी सोडता. ती आपली अर्धी भाकरी मोडून तुझ्या फडक्यावर टाकते, वर लसणाची चटणी, आणि तू खातेस. तुझी भाकरी मात्र तुझ्याच फडक्यावर राहते. तू तिला "घे" म्हणत नाहीस आणि ती मागत नाही. मी लहान होते तरी मला ते दिसायचं. हाताला हात लावलेला चालतो आणि त्याच हातची भाकरी चालत नाही, हे गणित मला कुठल्याच इयत्तेत सुटलं नाही.

आपल्या घरी काही कार्य निघालं की तू आधी सूप घ्यायचीस. धाकट्याचं नाव ठेवलं तेव्हाचं मला स्पष्ट आठवतं. तू दारात बसून गहू निवडते आहेस, एकेक खडा काढते आहेस, आपल्या जेवणाच्या गव्हाला कधी इतकं निवडलं नव्हतंस. सुपात गहू, हरभऱ्याची डाळ, गुळाचा खडा, मीठ, दोन मुठी लाल मिरच्या. हा मावशीचा कोरडा शिधा. आपल्याकडचं शिजलेलं तिला चालणार नाही, म्हणून कच्चं द्यायचं, ते तिनं तिच्या चुलीवर रांधायचं, म्हणजे ती आपल्याकडं जेवली असं धरायचं. सूप घेऊन जायचं काम माझं. मी पाय आपटत म्हणाले, "आपला गहू चालतो अन् आपली पोळी न्हाई चालत व्हय? मी न्हाई जात." तू एक रट्टा दिलास पाठीत. म्हणालीस, "जल्दी जा अन् गुमान ये. ज्याला आपलं शिजलेलं चालत न्हाई त्याला कच्चं तरी असं द्यावं का त्यानं नाव काढावं." मी गेले. मावशीनं सूप घेतलं, गहू ओंजळीत धरून उन्हात पाहिले आणि आत गेली. परत येताना मी रस्ताभर रडत होते. मार फार लागला नव्हता.

शाळेत गुरुजींनी एकदा विचारलं होतं, आपल्या गावात कोण कोण राहतं? मी घरी येऊन तुला विचारलं, तर तू चुलीपुढं बसल्या बसल्या सगळं गाव सांगितलंस, पण तुझ्या पद्धतीनं. मधल्या आळीतली मराठ्यांची घरं, तिथून ताक मिळतं, पण वरून ओततात. मशिदीमागची मुसलमानांची घरं, तिथून ईदला शीरखुर्मा शिजवलेला येतो आपल्याकडं आणि मधल्या आळीत जातात कोरड्या शेवया अन् साखर, म्हणजे त्यांनाही दोन तऱ्हेचे डबे भरावे लागतात. तांड्यावरचे लमाण आपल्या दारात पाणी पितात, पण त्यांची म्हातारी माणसं नाही. मारवाड्याचं एक घर, ते कुणाकडंच काही खात नाही, "त्याचं बराबर हाय, त्याला समदेच सारखे," असं तू म्हणालीस आणि स्वतःच हसलीस. आणि आपण? मी विचारलं. तू म्हणालीस, "आपण समद्याचं खातो. आपलं कुणी खात न्हाई." हेही तू हसतच सांगितलंस. माय, मला त्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो. मावशीचा येतो, गावाचा येतो, पण सगळ्यात जास्त तू ते गहू इतके निवडून का द्यायचीस याचा येतो.

आता गाव बदललं, असं लोक म्हणतात. तुला दाखवायला हवं होतं. आपल्या पोरांबरोबर मधल्या आळीतली पोरं फाट्यावरच्या गाडीवर एका प्लेटीत चायनीज खातात. बिहारचे मजूर आले, त्यातल्या एकानं इथंच खोली करून बायको आणली, ती बाई आता आपल्या वस्तीतल्या बायकांबरोबर कापूस वेचायला जाते आणि "मंग काय" म्हणायला शिकली. पण या दोन-तीन वर्षांत आरक्षणावरून जिल्ह्यात जे पेटलं त्यात दोस्त दोस्ताशी बोलेनासे झाले. पूर्वी हॉटेलात आपला कप वेगळा ठेवलेला असायचा, आता ज्याचं त्याचं हॉटेलच वेगळं झालंय. आणि अजूनही कुणी जेवायला बोलावलं, की लोक आडून आडून एकच विचारतात, आचारी कोण आहे?

म्हणून तर भाऊ मला म्हणाला, "ताई, खर्चा झाला तर होऊ दे, भोकरदनचा आचारी सांगू. समदं गाव जेवून जाईल. तू हातानं केलं ना, तर निम्मं गाव नेमका त्या दिवशी उपास धरतंय बघ." तो खोटं बोलत नव्हता. वस्तीतल्या दोन घरांनी तसंच केलं होतं, आचारी परका, म्हणून पंगतीला सगळे, आणि नंतर म्हणायचं की बघा, आता कुणी काही मानत नाही. मी म्हणाले, माझ्या घरात पहिला स्वयंपाक मी करणार, ज्याला जेवायचं त्यानं जेवावं. भावानं कपाळावर हात मारला. त्याला वाटलं मी मास्तरीणपणा करते आहे. खरं सांगायचं तर मला गावाशी काही देणंघेणं नव्हतं. मला मावशीला माझ्या हातचं जेवताना बघायचं होतं. ती जाण्याआधी एकदा. म्हणून भर उन्हात जाऊन मी तिला स्वतः आमंत्रण दिलं आणि मुद्दाम सांगितलं, आचारी नाही, मी करणार आहे. ती "बरं" म्हणाली. तेवढंच.

सकाळी बुद्धवंदना झाली. वस्तीतल्या बायकांनी पोळ्या लाटल्या, वांग्याची भाजी केली, भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या येसराची आमटी मी केली, त्या पातेल्याला कुणाला हात लावू दिला नाही. मशिदीमागून सगळे आले. तांड्यावरून आले. बिहारीण आली, तिनं तिसऱ्यांदा आमटी मागून घेतली. मधल्या आळीतले काहीजण दारात आले, भिंतींचं, फरशीचं कौतुक केलं, आणि कुणाचं पोट बिघडलेलं, कुणाला पुढं लग्नाला जायचं. भाऊ माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. माझे डोळे खालच्या वाटेकडं होते.

पंगत उठत आली तेव्हा मावशी आली, नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून. नातसुनेच्या डोक्यावर सूप होतं. सुपात गहू, डाळ, गूळ, लाल मिरच्या. माय, ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, म्हातारी आपलं धान्य आपणच घेऊन आली, शिध्याचीही तसदी दिली नाही. भरल्या घरात मी म्हणाले, "मावशी, चूल बाहेर मांडून देऊ का तुला? का घरी जाऊन रांधतीस?" नातसून कावरीबावरी झाली.

मावशी तशीच उंबऱ्यात टेकली, दम खाल्ला. "माझ्यासाठी न्हाई आणलं, खुळे," ती म्हणाली. "तुझ्या मायचं हाय. तिनं किती डाव धाडलं मला. मी तिला कधी दिलं न्हाई, का तर ती माझं शिजलेलंच खात होती. रात्री सुनंकडून निवडून घेतलं, मला आता दिसत न्हाई. उद्या-परवा रांध अन् तू खा." मग मान वर करून म्हणाली, "अन् मला वाढ. भूक लागून राह्यली."

मी ताट वाढलं. तिनं पोळी आमटीत कुस्करली, पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली. मी समोर उभी. न राहवून विचारलं, "मग तेव्हा का नाही, मावशी?" ती म्हणाली, "भ्यायची. आधी सासूला, मंग नवऱ्याला, मंग भावकीला. आता समदे गेले, भ्यावं कुणाला तेच सुचंना." ती हसली नाही, मीही हसले नाही. इतकं सोपं उत्तर, आणि त्यासाठी तू जन्मभर बांधावर आपली भाकरी आपल्यापुढं ठेवून बसलीस. मी तिला माफ केलं की नाही मला सांगता येत नाही. पण तिचं ताट रिकामं झालं तेव्हा मी न विचारता आणखी आमटी वाढली.

जाताना तिनं माझा हात धरला आणि तळवा उलटा करून बघितला, तुझा बघायची तसा. "इतकी वर्सं संगं राह्यलो," म्हणाली, "पर तुझ्या मायच्या हातची चव मला म्हाईतच न्हाई. तुझ्या हाताला तिचीच असंल ना?"

तुला वाचता येत नव्हतं. कुणाचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची, आणि त्यात काही वाईट असलं तर ते गाळून वाचायची. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, सुपातल्या गव्हावर ठेवून देईन, उद्या गहू दळायला जाईपर्यंत राहील. पण यातलं काही गाळत नाही. मावशीला मी म्हणाले, "हो, तिचीच." ती समाधानानं गेली. येसराची आमटी मला माझ्या सासूनं शिकवली, परतूरला. तू येसर कधी केलंच नाहीस. आणि माय, तुझ्या आमटीची चव कशी होती, ते मला आता आठवत नाही.