दादाचं कुलूप

४ जानेवारी

आले एकदाची! पवनऊर्जेच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाल्यापासून ज्या खोलीची स्वप्नं पाहिली, ती काडेपेटीएवढी निघाली. खिडकी मात्र लाखमोलाची आहे. समोर उघडा माळ आणि पवनचक्क्यांची लांबच लांब रांग. सगळ्या फिरतात, टोकाची तेवढी रुसल्यासारखी उभी. खोलीतली मैत्रीण स्थापत्याची. पंखेवाली आली, आता उकडायची चिंता मिटली, असं तिनं दारातच जाहीर केलं.

याच रांगेत दादा तंत्रज्ञ होता. मी नट आवळतो, तू डोकं चालव, असं म्हणून त्यानंच मला या विषयाच्या नादी लावलं. गेल्या वर्षी त्या टोकाच्या टॉवरवर काम करतानाच त्याचं हृदय थांबलं. दोरांनी खाली आणावं लागलं. त्याच्या सामानातून घरी आलेली छोटी पितळी किल्ली मी गळ्यात घातली आहे. कशाची ते आईलाही ठाऊक नाही. रडायचं नाही, असं तिला वचन देऊन निघालेय. तेव्हा आजपासून फक्त अभ्यास.

९ जानेवारी

टॉवरवरचा पहिला धडा. शिकवणाऱ्या फोरमनला सगळे उस्ताद म्हणतात. वर जाण्याआधी तळाचा मुख्य स्विच पाडायचा, म्हणजे पात्यांचं चाक थांबतं, आणि त्या स्विचवर आपलं स्वतःचं लाल कुलूप घालायचं. उतरल्यावर पहिलं काम म्हणजे ते आपल्या हातानं काढून स्विच चढवायचा. कुलूप आहे म्हणजे माणूस वर आहे. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, आणि त्याच्या भरवशावर वरही जायचं नाही. तिन्ही पाती जिथं जुळतात त्या पोकळीत माणूस असताना चाक फिरलं, तर खाली उतरवायला काही उरत नाही म्हणे. नवरा उसना मिळेल पोरी, कुलूप नाही, असं म्हणत त्यांनी माझं कुलूप माझ्या हातात ठेवलं. सगळे फिदीफिदी हसले.

टोकाच्या टॉवरपाशी मात्र त्यांचं हसू मावळलं. तिथल्या स्विचवर एक गंजलेलं लाल कुलूप होतं, आणि त्यावर दादाच्या अक्षरात दादाचं नाव. त्या दिवशीच्या धावपळीत ते राहून गेलं, नंतर कुणाचा हात धजला नाही, असं उस्ताद मान खाली घालून सांगत होते. आम्ही त्याला उतरवलं, पण तो उतरला नाही, असंही काहीसं पुटपुटले.

किल्ली कशाची ते कळलं. ती हळूच कुडत्याच्या आत सरकवली.

१७ जानेवारी

प्रबंधाचा विषय ठरला: टॉवरची कंपनं. तुलनेसाठी बंद टॉवर हवा म्हणून टोकाच्याचीही नोंद घेतली. वारा पूर्ण पडलेला असतानाही त्या नोंदीत बारीक ठोके दिसतात. तळाच्या सेन्सरपासून सुरू होतात, मधल्यावर येतात, माथ्यावर थांबतात. मग पुन्हा तळापासून. वरून खाली कधीच नाहीत. गाईडसरांच्या मते केबल सैल असणार. भुतं मोजायला एवढी शिकलीस का, असंही विचारलं त्यांनी.

२० जानेवारी

ठोका, ठोका, थांबा. ठोका, ठोका, थांबा.

दादाचा डावा गुडघा दुखरा होता. घरच्या जिन्यावरही दोन पायऱ्या आणि विसावा. आली गं मालगाडी, असं म्हणत आई ताट घ्यायला उठायची.

वचन मोडलं. पोटभर रडले. भीती वाटायला हवी होती, पण आनंदच झाला.

२४ जानेवारी

टॉवर पुन्हा सुरू करायचा, कुलूप कापा, असा कंपनीचा हुकूम आलाय. किल्ली माझ्याकडे आहे हे मी सांगितलं, तर उस्तादांनी हातच जोडले. कटर लावण्यापेक्षा घरच्या माणसानं काढलेलं बरं, म्हणाले. मी थोडे दिवस मागून घेतले. ते काढलं की दादा खरोखरच संपला.

आईला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. तिनं हळूच विचारलं, जेवला का गं तो?

२६ जानेवारी

थांबे लांबत चाललेत. दमलाय. कुलूप स्वतः काढल्याशिवाय त्याचं काम संपत नाही. आणि तो काढणार कशानं — किल्ली माझ्या गळ्यात. वर्षभर मी त्याला —

उद्या जाते.

२७ जानेवारी, दुपार

उस्ताद बाहेर जीपमध्ये, पाठ करून बसलेत. बघवणार नाही म्हणाले. कुलूप मी काढलं नाही. ज्याचं त्यानंच काढायचं. किल्ली तेवढी त्यात लावून ठेवली आणि त्याला सांगायला वर आले. पात्यांच्या पोकळीत बसलेय. दादाची आवडती जागा. इथं वारा आतून ऐकू येतो, म्हणायचा.

कुणी नाही. तरी मोठ्यानं सांगितलं — दादा, किल्ली खाली आहे.

वास. ग्रीसचा, घामाचा. त्याचा शर्ट असाच —

शेजारून कुणीतरी उठलं. इतका वेळ शेजारी — माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. दिसतच नसेन मी त्याला.

शिडी. ठोका, ठोका, थांबा. खाली! खाली निघालाय! आई, मालगाडी निघाली गं. जा दादा, घरी जा, जेव —

थांबलं. तळाला पोचला.

कडी वाजली. इतक्या वर ऐकू यायला नको, पण —

माझं कुलूप. खोलीत, टेबलावर. त्याचंच आहे म्हणून मी — उतरल्यावर पहिलं काम —

स्विच.

पाती कण्हताहेत. जमीन कलली. दादा, थांब, मी वर आहे, दादा, मी अजून व