सॉरी म्हणणार नाही

५ नोव्हेंबर ७३, सोम.
सकाळची पाळी, नागपूर एक्स्चेंज, ट्रंक बोर्ड. आज भांडण केलं. केलं म्हणजे केलं.

लकडगंजच्या लाकूडवाल्या शेठचा रायपूरला लाइटनिंग कॉल, म्हणजे आठपट पैसे अन् लगेच जोडायचा. रायपूरची लाइन सकाळपासून मेलेली. तरी सांगतेय, सॉरी सर, लाइन आउट ऑफ ऑर्डर. सॉरी सर. पुन्हा सॉरी सर. तर तो माझ्या आईवरच घसरला. काय बोलला ते इथं लिहीत नाही. मी म्हटलं, "पहले मुँह धोके आओ, फिर कॉल बुक करो." अन् ओढली कॉर्ड.

शेजारच्या खुर्चीवर लक्ष्मी. तिचा हात हवेतच राहिला. "कुसुम, मेलीस तू!"
मेले तर मेले. डबा नीट जेवले.

६ नोव्हें., मंगळ.
तक्रार आली. शेठला माझं नाव माहीत नाही, ऑपरेटर नंबर माहीत. तेवढ्यानं भागलं.

साहेबांनी बोलावलं. साहेब पुण्याकडचे, रागावले तरी 'अहो' सोडत नाहीत. "अहो, तुम्ही अजून टेम्पररी. कन्फर्मेशनचा कागद माझ्या टेबलावर आहे. शनिवारपर्यंत त्यांना फोन लावा, सॉरी म्हणा, विषय संपवा."
"त्यांनी शिवी दिली साहेब."
"दिली असेल. एक शब्द तर आहे. दिवसभर म्हणताच की."

म्हणते ना. पहिल्या दिवशी पहिला शब्द तोच शिकवला. लाइन बिझी, सॉरी. उत्तर नाही, सॉरी. मुंबईत कोणी फोन उचलत नाही, त्याचं सॉरी नागपुरात मी म्हणायचं. त्या सॉरीचं मला काही नाही. मी म्हणते अन् विसरते. पण हे वेगळं. हे म्हटलं की शिवी बरोबर होती असं होतं.

जाताना साहेब हळूच म्हणाले, "मराठीत नका म्हणू. इंग्रजीत म्हणा. इंग्रजीत लागत नाही." वा रे वा!

७ नोव्हें., बुध.
कळलं ते असं. शेठनं 'सॉरी' मागितलंच नाही. "माफी माँगे वो लडकी," असं बोललाय. त्याला माफी पाहिजे, हात जोडून, मान खाली घालून. साहेबांनी त्याचं सॉरी करून मला दिलं. मला वाटावं लहान आहे, त्याला वाटावं मोठं आहे. मधल्यामधे साहेब मोकळे. हुशार माणूस.

डबा खाताना लक्ष्मीला विचारलं, तुमच्या तेलुगूत काय म्हणतात गं? ती अजनीच्या रेल्वे क्वार्टरातली, जन्म इथलाच, पण घरी तेलुगूच. डोकं खाजवत बसली. "क्षमिंचंडी. पण ते सिनेमात म्हणतात. घरी कोणी म्हटलेलं ऐकलं नाही बाबा."
"मग तुझे वडील तुझ्यावर उगाच ओरडले तर?"
"मग रात्री येतात. दारात उभे राहतात. अन्नं तिन्नावा? जेवलीस का? झालं."

छान आहे. शेठला फोन लावते अन् विचारते, जेवलात का? लक्ष्मी इतकी हसली की तिला ठसका लागला. सुपरवायझर मिसेस बेकरनी डोळे वटारले.

८ नोव्हें., गुरु.
मिसेस बेकर अँग्लो-इंडियन. मोतीबागेतल्या जुन्या रेल्वेवाल्या, घरी इंग्रजीच. सगळ्यांना 'बच्चा' म्हणतात अन् सगळ्यांना धारेवर धरतात. वाटलं होतं ह्याच मला आधी सॉरी म्हणायला लावणार, त्यांच्याच घरचा शब्द. आज बोर्डामागं गाठलं.

"बच्चा, मेरी ममी मरी थी ना, पूरा कॉलनी घर पे आया. सब बोला, सॉरी, सॉरी. किसने मारा था उसको? किसी ने नहीं." मग, "साब को क्या मालूम ये कितना बडा वर्ड है. हम लोग ने ही दिन भर बोल बोल के उसको चिल्लर कर दिया."
"तो मैं बोलूँ क्या?"
"मेरे को मत पूछो. मेरा रिटायरमेंट नजदीक है."

मी चिडले होते, पण त्या खोटं नाही बोलल्या.

९ नोव्हें., शुक्र.
काही नाही. सर्दी. सॉरी सॉरी सॉरी दिवसभर, नाक गच्च. संध्याकाळी काटोलची एसटी. आईजवळ जायचं आहे.

१० नोव्हें., शनि. (काटोल)
रजा घेतली. म्हणजे साहेबांची मुदत आज संपली अन् मी इथं. पळाले असं म्हणतील. म्हणू दे.

बाबा सकाळीच संत्र्याच्या बाजारात. येऊन सगळं ऐकलं अन् आनंदलेच! "सोडून दे ते फोन-बिन. नरखेडचं स्थळ अजून थांबून हाय." म्हणजे नोकरी गेली की पुढं काय, ते तयारच आहे. मला त्या खुर्चीवर बसायचं आहे. मला कलकत्ता, मद्रास, रायपूर हाताखाली पाहिजे. नरखेड नको.

आई चुलीजवळ. वाटलं, ही म्हणणार, नमतं घे बाई. ती भाकरी थापतच राहिली.
"शिवी कोनाले देल्ली त्यानं?"
"तुले."
"मले?" हात थांबला. "मले त तो वयखत बी नाही!" मग म्हणाली, "चुकलं असन त म्हन चुकलं. चुकलं नसन त काहून म्हनतं वं?"

आईनं मला कधी चुकलं म्हटलेलं आठवत नाही. माझ्या मॅट्रिकच्या वेळी उगाच मारलं होतं, त्या दिवशी माझ्या भाकरीवर तूप होतं, बाबांच्या नव्हतं. तिच्या भाषेत ते तेवढंच. पण शेठच्या भाकरीवर मी तूप काहून वाढू? असं म्हटलं तर आईलाही पटलं.

१२ नोव्हें., सोम. (दुपारची पाळी)
साहेब: "लावला फोन?"
"नाही."
"आज संध्याकाळी पाचपर्यंत. मग मला विचारू नका."
बरं.

दुपारी रायपूरकडून कॉल, लकडगंजच्या त्याच नंबरला. जोडला. लाइन लागली का बघायला कान लावला तर पलीकडून बाईचा आवाज, "भैयाजी नहीं रहे." शेठचे मोठे भाऊ. सकाळीच गेले.

तीन मिनिटं झाली की मधे बोलून वेळ संपल्याचं सांगायचं असतं. नाही बोलले. नियम मोडला, लिहून ठेवते. रायपूरनं फोन ठेवला तरी शेठ लाइनीवरच. "हॅलो... हॅलो..." लहान पोरासारखं.

तोंडात आला होता शब्द. मिसेस बेकरवाला, मोठा. जिभेपर्यंत आला. पण त्यानं तो माफी म्हणून त्याच्या हिशेबात धरला असता, अन् साहेबांनी त्यांच्या. गिळला. माझ्या डोळ्यांत पाणी होतं अन् मी शब्द गिळत होते, काय वेळ आणली मेल्यांनी!

मग म्हटलं, "शेठजी, ऑपरेटर बोल रही हूँ. पास में कोई है?"
"कोई नहीं बेटी. दुकान में अकेला हूँ."
"पहले पानी पियो. बैठो. घर का नंबर बताओ, मैं लगा देती हूँ."

घर लागलं. त्यांचा मुलगा निघतो म्हणाला. मी कॉर्ड काढणार, तेवढ्यात शेठ म्हणाले, "सुनो. तुम वही हो क्या? उस दिनवाली?"
"हाँ. वही. मेरा नाम कुसुम है."
आम्हाला नाव सांगायची परवानगी नाही. हा दुसरा नियम.

मी कॉर्ड धरून ठेवली. श्वास ऐकू येत होता. मग लाइन गेली. त्यांनी ठेवली की आपोआप तुटली, ते बोर्डावर कळत नाही.

पाचला साहेब आले. सगळ्यांसमोर. "म्हटलं का?"
"नाही."
"बोलणं तर झालं म्हणे तुमचं."
"झालं. पण ते नाही म्हटलं."

लक्ष्मीनं टेबलाखालून माझा हात धरला. मिसेस बेकर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सर, शी इज माय बेस्ट गर्ल." साहेब केबिनमधे गेले, दार लावून घेतलं. फोन उचलल्याचा आवाज आला. कोणाला लावला माहीत नाही. ती लाइन माझ्या बोर्डावर नव्हती.

उद्या सकाळची पाळी, सातला जाणार. खुर्ची दिली नाही तर उभी राहून जोडीन.