काळ्या डब्यातली यादी

प्रिय मेरीबेथ,

हे पत्र तू उघडशील तेव्हा व्हर्नाच्या गाडीत बसलेली असशील आणि गाडी तुझ्या घराच्या उलट दिशेला चाललेली असेल. व्हर्नावर चिडू नकोस. तुझ्या टर्की-मांसाच्या प्लांटच्या फाटकातून तुला थेट गाडीत घ्यायचं आणि घराकडे फिरकायचंसुद्धा नाही, हे मीच तिला बजावलं आहे. तुझ्या हायडीला तिने आधीच शाळेतून घेतलं असेल. शाळेची बस तीच चालवते, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटणार नाही. तुमचे जाड कोट, हायडीची औषधं आणि तुझी कागदपत्रांची पिशवी मागे डिकीत आहे. आता शांतपणे वाच. शांतपणे म्हणते खरी, पण मीच दोन कागद फाडून हा तिसरा घेतलाय. मला भीती वाटते की ज्याच्यापासून तू पळून आलीस त्या क्लेटनला तू इथे आहेस हे कळलं आहे. आणि कळलं असेल तर ते माझ्यामुळे.

तू पहिल्यांदा आलीस तो फेब्रुवारीतला रविवार आठवतो? प्रार्थनेनंतर सगळे तळघरात कॉफीला जमले होते आणि तू हीटरशेजारी कोट न काढता बसली होतीस, हायडीला मांडीवर घट्ट धरून. कुणी दार उघडलं की तुझी मान वळायची. आम्ही कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे विचारायची पद्धत नाही, खाऊ घालायची आहे. संध्याकाळपर्यंत यादी तयार होती: कोणत्या गुरुवारी कुणी तुझ्याकडे ओव्हनमधली गरम हॉटडिश पोचवायची, कुणी ब्रेड, कुणी दूध. तू मला बाजूला घेऊन एवढंच म्हणालीस, "आर्डिस, माझं नाव आणि पत्ता कुठेही लिहू नका. तो शोधतोय." मी तुझा खांदा थोपटला आणि म्हणाले, "अगं, पाच बायकांपुरता एक कागद. त्या मेल्या तरी बोलणार नाहीत." ते खरंच होतं. त्यांच्यातली एकही आजपर्यंत बोललेली नाही.

पण मला अर्धवट काम जमत नाही, तुला ठाऊक आहे. कॅसरोलच्या भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहिणारी मी. यादीतही मी सगळं लिहिलं. तुझं पूर्ण नाव, घर नंबर, फोन. मुलीला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत. पुढचं दार वाजवू नये, बाई घाबरते, मागच्या अंगणातून यावं. मागच्या दाराची कडी नीट लागत नाही, जोराने ढकलावं. गुरुवारी चारनंतर दोघी घरी असतात. तुला त्रास होऊ नये म्हणून लिहिलं गं. आज ते वाचताना असं वाटतं की मी चोरासाठी नकाशा काढला होता.

ती यादी मी चर्चच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर केली आणि ती गेली ऑफिसच्या सगळ्या फाईली साठवणाऱ्या त्या काळ्या डब्यात. तू तो पाहिला आहेस, कपाटावर प्रार्थनागीतांच्या जुन्या वह्यांशेजारी घरघरत असायचा. शंभर वर्षांची बाप्तिस्म्यांची नोंद, लग्नं, मयतं, माझं महिन्याचं पत्रक, सगळं त्यात. दातांचे डॉक्टर टॉरवाल्ड यांनी आपल्या दवाखान्यात नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. चालतोय ना, मग फेकायचा कशाला? या गावात चालणारी वस्तू फेकणाऱ्याकडे लोक बघतात कसे, तूही आता शिकली आहेस. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात मला घरून पत्रक करता यावं म्हणून डॉक्टरांनीच काहीतरी जुळवून दिलं, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरात बसून मला डब्यातलं सगळं दिसायचं. मी केवढी खूश! घरून दिसतं म्हणजे बाहेरून दिसतं, एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

आता जे सांगते ते पास्टरनाही अजून सांगितलेलं नाही. डबा बनवणाऱ्या कंपनीने मला कळवलं होतं. ईमेल आला होता, की हे मॉडेल आता जुनं झालं, यापुढे आम्ही त्याच्या सुरक्षेतली भोकं बुजवणार नाही, कृपया ते इंटरनेटपासून तोडावं. मी काय केलं असेल? छापून काढला, पंचने दोन भोकं पाडली आणि 'सवडीने बघणे' या फाईलमध्ये लावला. पाच वर्षांपूर्वीची तारीख आहे त्यावर. त्याच्याखाली छपराच्या गळतीचा कागद आहे आणि वर पियानो सूर लावणाऱ्याचा. छप्पर दुरुस्त झालं, पियानोही.

मग मागचा सप्टेंबर. तुला प्लांटमध्ये पक्की नोकरी लागली आणि तू स्वतः हॉटडिश घेऊन तळघरात आलीस, आम्हाला वाढलीस, आणि म्हणालीस की आता गुरुवार बंद करा, आम्ही आमचं बघू. व्हर्ना म्हणाली, "बरं झालं बाई, माझ्या हातचं तुलाही किती दिवस सहन होणार?" सगळ्या हसल्या. मी तो यादीचा कागद तुझ्यासमोर फाडून भट्टीत टाकला. तू मला मिठी मारलीस. मेरीबेथ, त्या मिठीची मला आता लाज वाटते. कारण डब्यातली यादी मी विसरले नव्हते. त्याच आठवड्यात ती मला दिसली होती, पुसायला बोटही नेलं होतं. मग वाटलं, किती व्यवस्थित झालीये, पुढच्या कुणा कुटुंबाला नमुना म्हणून उपयोगी पडेल. आणि ठेवली.

या सोमवारी पत्रकाला बसले तर एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या जागी एकच चिठ्ठी: सगळं कुलूपबंद केलंय, हवं असेल तर पैसे पाठवा, नाहीतर बाहेर टाकू. मला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. पास्टर म्हणाले, देवाच्या घरात चोरण्यासारखं आहे काय, वाट बघू. बुधवारी काउंटीच्या लायब्ररीत कॉम्प्युटर बघणारी लोरेन आली. तिने कोट न काढताच आधी डब्याची वायर उपटली. मी तिला म्हणाले की काल-परवापर्यंत उत्तम चालत होता. ती म्हणाली, "चालत होता, पण याचं कुलूप कधीचं मोडलंय, आणि ते मोडलंय हे जगातल्या सगळ्या चोरांना माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तुम्हाला." चोर आपल्या गावावर टपून नव्हते म्हणे. त्यांची यंत्रं दिवसभर जगभरची दारं ढकलून बघत असतात, जे उघडेल त्यात शिरतात. ते आत येऊन महिना झाला असावा आणि सगळं त्यांनी कधीच उचलून नेलं होतं. मी मयतांच्या नोंदींची काळजी करत बसले होते. लोरेनने विचारलं, यात कुणाचं असं काही आहे का, जे बाहेर जाऊ नये? मी तुझं नाव सांगितलं. तिने आपल्या फोनवर ते टाईप केलं, आणि इंटरनेटवर, जगात कुणालाही दिसेल अशी, माझी यादी समोर आली. माझ्या सगळ्या टिपांसकट. तुझं नाव रोज टाईप करून बघणारा एक माणूस या जगात आहे, हे मला माहीत होतं.

काल संध्याकाळीच मी तुला सांगायला हवं होतं. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत गाडी घेऊन आलेसुद्धा. खिडकीत दिवा होता, तू हायडीचे केस विंचरत होतीस. त्या खोलीत तू पडदे उघडे ठेवायला लागली आहेस हे बघितलं, आणि मला उतरवेना. म्हटलं, उद्या लोरेन ते कुठूनतरी काढून टाकेल, पोलिसांतल्या डेप्युटी हॉगलंडला सांगून ठेवू, पोरीला उगाच कशाला घाबरवा. भित्री आहे मी, दुसरं काही नाही. ती एक रात्र मी तुझी घेतली, ती मला परत करता येणार नाही.

आज गुरुवार, सकाळी साडेदहाला ऑफिसातला फोन वाजला. आवाज मऊ, अगदी अदबशीर. म्हणाला, मी शेजारच्या काउंटीतल्या चर्चचा, तुमच्या त्या मायलेकींसाठी आमच्या मंडळींनी केक केलाय. "शेंगदाणे घातलेले नाहीत, काळजी करू नका. गुरुवारी चारनंतर मागच्या दारानेच जायचं ना अजून?" मेरीबेथ, गुरुवार बंद होऊन आठ महिने झाले. गावातलं कुणीही असतं तर त्याला ते माहीत असतं. तो माझी जुनी यादी समोर धरून बोलत होता. मी तोंडाने म्हणाले, "नाही हो, आता त्या घरी नसतात. गुरुवारी चारला इथेच चर्चच्या तळघरात येतात, तुम्ही इथेच या." तो म्हणाला, दोन तासांवर आहे, नक्की येतो. आभारही मानले. माझं त्याला खरं वाटलं की नाही, मला सांगता येत नाही, म्हणून तुला घराकडे जाऊ देत नाही. हॉगलंडचा एक माणूस तुझ्या मागच्या अंगणात आहे. तो स्वतः आणि आणखी एक जण इथे जिन्याखाली बसलेत आणि माझी कॉफी संपवतायत. क्लेटनने तुझ्याजवळ फिरकू नये असा कोर्टाचा मनाई हुकूम त्यांच्या खिशात आहे. मी टेबलावर तीन कप मांडले आहेत, कुणी येणार असल्यासारखे. तो दारातून आत येईल तेव्हा त्याला कुणीतरी ओळखीच्या आवाजाची बाई दिसायला हवी, म्हणून मी तुझ्याबरोबर गाडीत नाही आणि हे सगळं तोंडाने सांगायच्या ऐवजी लिहिते आहे. भीती वाटते, खूप वाटते. व्हर्ना तुला काउंटीच्या हद्दीबाहेर एका बाईंच्या स्वाधीन करेल. त्या पुढे कुठे नेतील ते मी विचारलेलं नाही. तूही मला कधी कळवू नकोस, पकडला गेला तरी नको, नाताळचं कार्डसुद्धा नको. मला कळलं तर मी ते कुठेतरी नीट लिहून ठेवीन.

तुझीच, क्षमा मागायचीही लाज वाटणारी,
आर्डिस