सहीची चौकट

आत्या,

तू सोळाव्या वर्षी तापानं गेलीस, असं बाबा सांगायचे. वंशावळ लिहायला घेतली, तर तुझ्या मृत्यूची नोंदच मिळेना. सापडलीस ती मनोरुग्णालयाच्या रजिस्टरात, जिवंत! भरतीवर सही बाबांची. पुढे एकोणतीस वर्षं दरसाल एकच शेरा: 'बरी आहे, घरी न्यावी.' शेजारची नातेवाइकाच्या सहीची चौकट दरसाल कोरी.

मी बाबांशी बोलणंच टाकलं.

काल मी तुला भेटले, तेव्हा तू माझं नाक चाचपून हसलीस. "अगदी दादासारखं!" म्हणालीस आणि पिशवी भरायला लागलीस. नर्सनं रजिस्टर पुढे केलं. माझ्या तोंडून निघालं, "घरी विचारून सांगते."

आत्या, घरी विचारायला कुणीच नाही गं. मी एकटीच राहते. हे पत्रसुद्धा माझ्याच्यानं टाकवणार नाही.

तुझ्या दादाचीच लेक