सहाची रिंग

९ जानेवारी, गुरुवार

श्रुतिकाने शेवटी नाव घातलंच! पुण्यात बसून लेकीने बापाला डहाणूच्या ज्येष्ठांच्या गटात भरती केलं. "पप्पा, तुम्ही कुणाशी बोलतच नाही." कुणाशी बोलू? ही गेल्याला दोन वर्षं झाली. आणि अठ्ठावीस वर्षं स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चिकूच्या पेट्या चढवून घेताना माणसांशी बोलून झालंय माझं. कंटाळा आलाय.

शाळेच्या मागच्या व्हरांड्यात बारा जण. गट चालवणाऱ्या लतिकाबाई निवृत्त शिक्षिका, अजून वर्गात असल्यासारख्या बोलतात. "प्रत्येकाने मनातलं एक सांगायचं!" मी सांगितलं, गुडघा दुखतो. माझ्याआधी चौघांनी गुडघाच सांगितला होता.

मग साखळी. सकाळी सहाला प्रत्येकाने पुढच्याला मिस्ड कॉल द्यायचा. पुढच्याने उचलायचा नाही, दोन रिंग झाल्या की कापायचा. वाजला म्हणजे तो जिवंत, कापला म्हणजे हा जिवंत. मग पुढे द्यायचा. मला देणार नवशीबाई. चारोटीच्या अलीकडच्या पाड्यावर एकट्याच राहतात, जन्म चिकूच्या वाड्यांत मजुरी करण्यात गेला. फोन एकाच बटणावरून लावता येतो, त्यावर लतिकाबाईंनी माझा नंबर घातला. मी देणार विष्णूला, तो रेल्वेतलाच. हल्ली बोलणं फुकट, तरी मिस्ड कॉलच! बरं आहे. बोलावं लागत नाही.

१४ जानेवारी

सहाला रिंग. कापली. विष्णूला दिली. परत झोपलो.

१६ जानेवारी, गुरुवार

नवशीबाईंनी सगळ्यांना वालाच्या शेंगा आणल्या. "सायेब, तुमी लय लवकर कापता." म्हटलं, झोप येते. हसल्या. आठवड्याभरात एवढंच बोलणं.

२२ जानेवारी

सकाळी सहाला नवशीबाईंची रिंग. कापली. लगेच परत आली — बोट दाबलं गेलं असेल म्हटलं, कापली. तिसऱ्यांदा! वैतागलो. कापली आणि फोन उशीखाली घातला. त्याआधी विष्णूला मात्र दिली. वेळेवर!

साडेअकराला लतिकाबाईंचा फोन. नवशीबाई पहाटे चुलीपाशी पडल्या. मांडीचं हाड मोडलंय. शेजारची धाकटी पोर अकराला सहज डोकावली म्हणून कळलं. पाच तास जमिनीवर होत्या.

जेवलो नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

लतिकाबाईंनी सरळ विचारलं, "तुम्हाला त्यांची रिंग आली होती?"

"नाही," मी म्हणालो. "सवयीने पुढे दिली."

खोटं! अडुसष्टाव्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून खोटं बोललो. बाई रागावल्यासुद्धा नाहीत. "होतं असं," म्हणाल्या. ते जास्त लागलं.

२४ जानेवारी

सहाला आता कुणाचीच रिंग येत नाही. जाग मात्र येते.

२७ जानेवारी

सगळे हॉस्पिटलात गेलो. ऑपरेशन झालंय. नवशीबाई पलंगावर एवढ्याशा दिसत होत्या. लतिकाबाई म्हणाल्या, "साहेब म्हणतात रिंग आलीच नाही. फोन का नाही केलात हो?"

नवशीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "फोन लांब व्हता. हात नाय पोचला."

मी नेलेले चिकू स्टुलावर ठेवले आणि बाहेर जिन्यात येऊन बसलो. मोडलेल्या हाडानिशी त्या बाईने माझी लाज राखली. मला माझीच किळस आली.

३० जानेवारी, गुरुवार

सांगून टाकलं. "रिंग आली होती. तीनदा. मी तिन्ही वेळा कापली. आणि तुमच्यासमोर खोटं बोललो."

आता उठून जावं असा विचार करत होतो, तेवढ्यात विष्णू म्हणाला, "दोनदा तुझी रिंग यायच्या आधीच मी पुढे दिलीय. म्हटलं, एकदाची देऊन टाकू, मग झोपू." मग झाईहून येणाऱ्या हिरीबाई. त्या कधीच बोलत नाहीत. खाली बघत म्हणाल्या, "मला जगायचा कंटाळा येतो ना, त्या दिवशी पण मी टायमावर देते. मागं कोण इचारतंय?"

लतिकाबाई खुर्चीवरून उठून हिरीबाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या. लतिकाबाईंचं स्वतःच्या मुलाशी सहा वर्षं बोलणं नाही, हे आज कळलं. चहा तसाच गार झाला. निघताना एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून उचलायचा." हिरीबाईंना सोडायला विष्णू झाईच्या बसमध्ये चढला, पार घरापर्यंत.

खूप थकलोय. आज गुडघ्याचं नाव कुणीच काढलं नाही.

३१ जानेवारी

सहाला रिंग. नवशीबाई, हॉस्पिटलातून. लतिकाबाईंनी कळवलं असणार. हात कापायला गेला होता — उचलला.

म्हटलं, नवशीबाई, माझं चुकलं. त्या दिवशी तुम्ही तीनदा लावलात आणि मी—

"हां. पडल्या पडल्या लावला. तुमी कापला. मना बरा वाटला, सायेब जित्ता आहे म्हटला. मग परत लावला. तेवढीच सोबत."

विष्णूला फोन करायला आज पावणेसात झाले.