पंचवीस पौंडांचा ब्रेक

३ मे, शनिवार
ठरलं. रेनीच्या बाळाचा, कालेओचा, पहिला वाढदिवस २४ तारखेला. मासा मी आणणार. सगळ्यांसमोर सांगितलं, त्यामुळे आता बदल नाही.
आमच्या घरात पहिल्या वाढदिवसाला जो समुद्रातून मासा आणतो, त्याच्या मांडीवर बाळ बसवून केक कापतात. गेली एकवीस वर्षं ती मांडी क्लेटनकाकांची. शुद्ध मक्तेदारी. काका कयाक, ती एकट्याने वल्हवायची अरुंद होडी, घेऊन जातात, सोबत लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली दोरी. गळाचा रॉड नाही, दोरी गुंडाळायचं रीळ नाही, मोजमापाचा एक कागद नाही.
काका म्हणाले, पोरी, तू लिफ्ट तपासतेस ते ठीक, पण मासा बटण दाबून वर येत नाही. सगळे हसले. रेनीसुद्धा. सख्खी बहीण.

५ मे
सतरा रॉड तपासले. सात फुटांचा घेतला. मासा कयाकच्या खालून दुसऱ्या बाजूला गेला, तर दोरी कयाकच्या टोकावरून फिरवता यायला हवी. सहा फुटी पुरत नाही. मूठ आखूड, कारण बसून ओढायचं असतं.
दुकानदार म्हणाला, मॅडम, आधी कुणाचा तरी मागून घ्या, एकदा पाण्यात जाऊन या, मग ठरवा. विकायचं नसेल तर दुकान कशाला उघडतात हे लोक.

८ मे
पहिलं रीळ बाद. सरावासाठी खारं पाणी मारलं, मग पाइपच्या धारेने स्वच्छ धुतलं. आता फिरवलं की करकरतं. 'जोराच्या धारेने धुऊ नये' हे पुस्तिकेत आहे. पान ४१ वर. पान ४१ वर का?
दुसरं, मोठं रीळ घेतलं.

१० मे
ब्रेकची चाचणी. मासा ठरावीक जोराने ओढू लागला की रिळाने दोरी सोडायची, एवढंच काम. अंगणातल्या नारळाला दोरी बांधली, ताणकाटा लावला. पंचवीस पौंड. तीस वेळा मोजलं, फरक अर्ध्या पौंडाच्या आत.
काका गाडीतून जाताना मुद्दाम थांबले. विचारलं, झाड थोडं तरी जवळ आलं का?
मी काटा वाचत राहिले. अशा माणसांमुळेच विज्ञान मागे राहतं.

१३ मे
रॉड कयाकला दोरीने बांधून ठेवतात म्हणे. बांधणार नाही. प्रत्येक जास्तीची गाठ म्हणजे तुटायची आणखी एक जागा.
घरच्या ग्रुपवर टाकलं: शनिवारी सकाळी सहा वाजता मासेमारीला जात आहे. व्हर्नामावशीचा लगेच फोन. असं बोलायचं नसतं गं, मासे ऐकतात, 'जरा फिरून येते' म्हणावं. मावशी नर्स होती. पस्तीस वर्षं. नर्स.

१७ मे, शनिवार
०६:१० पाण्यात.
०७:४२ मासा लागला. मोठा.
०७:४२ मासा आडवा पळाला. दोरी सुटली नाही, कारण ओढ पंचवीसपर्यंत पोचलीच नाही. त्याआधी कयाक कलंडली.
०७:४३ मी पाण्यात. रॉड तळाशी.
ब्रेकमध्ये दोष नाही. कयाकने साथ दिली नाही.
काका शंभर यार्डांवर होते. 'जरा फिरायला' आले होते म्हणे. माझं वल्हं आणून दिलं आणि म्हणाले, नारळाला मूळ असतं, पोरी. मग म्हणाले, वाढदिवसासाठी मी 'फिरून' येऊ का? नुसतं हो म्हण.
नको म्हटलं.

१९ मे
नवा रॉड, नवं रीळ मागवलं. ब्रेक दहा पौंड ठेवणार. हा निर्णय पूर्णपणे माझा.

२२ मे
पार्सल आलं. रिळाची मूठ उलट्या बाजूला. तक्रार लिहायला घेतली, ऑर्डर उघडून पाहिली. मी डाव्या हाताचंच निवडलं होतं. वेबसाइटची मांडणी अत्यंत सदोष आहे.

२३ मे
डाव्या हाताने सराव. हाताला पेटका.
रेनीचा फोन. ताई, खरं सांग, काकांना सांगू का? अजून वेळ आहे. त्यांनी गळ बांधून ठेवलाय, तुझ्या शब्दासाठी थांबलेत. तू घेतलेलं काम ते मधेच कसं घेणार?
म्हटलं, मासा येईल. तुझ्या लग्नात, बाळंतपणात मी कधी शब्द मोडलाय? 'बरं,' म्हणाली. या 'बरं'चा मला विलक्षण राग आहे.

२४ मे, पहाटे ०५:३०
बंदरावरच्या बाजारातून टूना घेतला. अडतीस पौंड, अख्खा. नियम नीट आठवून पाहिला: 'जो समुद्रातून मासा आणतो'. हा समुद्रातलाच आहे. आणणार मी आहे. जबड्यात गळ अडकवून रॉडने उचलून पाहिला. वाक उत्तम. म्हणजे रॉडची निवड बरोबरच होती.

२४ मे, रात्री
एकशेवीस माणसं. कालेओ माझ्या मांडीवर. कुणीतरी विचारलं, कशावर धरलास? सात फुटी रॉड का, हे सांगायला सुरुवात केली.
तेवढ्यात काकांनी मासा कापायला टेबलावर घेतला आणि ते शेपटीपाशी थांबले. बाजारातल्या लिलावात प्रत्येक माशाच्या शेपटीजवळ खाच मारतात, घेणाऱ्याला आतलं मांस दिसावं म्हणून. हे मला माहीत नव्हतं. बाकी एकशेवीस जणांना होतं.
 काकांनी आधी शेपटी तोडली, बादलीत टाकली, वर बर्फ ओतला. पण व्हर्नामावशी शेजारीच उभी. म्हणाली, हल्लीचे मासे फार समजूतदार झालेत, खाच पाडून घेऊनच गळाला लागतात.
कुणी मोठ्याने हसलं नाही. हसले असते तर मला बोलता आलं असतं. मी रॉडच्या मुठीबद्दलचं वाक्य पूर्ण केलं.
रेनी आली. माझ्याकडे न बघता म्हणाली, लंगोट ओला झालाय वाटतं, आण इकडे. बाळ उचललं, दोन पावलं गेली आणि काकांना बसवून त्यांच्या मांडीवर दिलं. केक कापला. सगळ्यांनी गाणं म्हटलं.
लंगोट कोरडा होता. मी तपासला होता.